‘उलटीचे औषध’ घरात ठेवावे का, आणि कोणते?

द्राक्षबाग (धागाकर्ता)

निफाड तालुक्यातील आमच्या वस्तीवर गेल्या महिन्यात एक प्रसंग घडला आणि त्यातून पडलेला प्रश्न येथे मांडत आहे. शेजारच्या घरातील सव्वातीन वर्षांचा मुलगा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेले रॉकेल पाणी समजून प्याला. किती घोट गेले हे कोणालाच ठाऊक नव्हते. आजीने तातडीने मिठाचे कोमट पाणी केले, ते बळेच पाजले आणि घशात बोट घातले. मुलाला दोनदा उलटी झाली, उलटीला रॉकेलचा वास आला आणि ‘निघाले सगळे’ म्हणून आम्ही सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. दोन-अडीच तासांनी मुलाला खोकल्याची उबळ थांबेना, श्वास भराभर होऊ लागला आणि नाकपुड्या फुलू लागल्या. नाशिकच्या रुग्णालयात तो सहा दिवस होता. आता तो ठणठणीत आहे, परंतु तेथील डॉक्टरांनी सांगितले की त्रास पोटात गेलेल्या रॉकेलाचा नव्हता, तर उलटीच्या वेळी छातीत उतरलेल्या रॉकेलाचा असावा.

मी यातून असा निष्कर्ष काढला की मीठ-पाणी हा अडाणी उपाय आहे, तेव्हा घरात योग्य ते औषध असले पाहिजे. म्हणून औषधाच्या दुकानात जाऊन ‘उलटीचे औषध द्या’ म्हणालो. दुकानदाराने ऑन्डान्सेट्रॉनची बाटली पुढे ठेवली. ‘थांबण्याचे नको, होण्याचे हवे,’ असे सांगितल्यावर त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, ‘कोणाला काय झाले आहे?’ असे विचारले आणि ती बाटलीही परत कपाटात ठेवली.

माझे प्रश्न असे: उलटी करवणारे औषध आज मिळते का, मिळत असल्यास ते सुरक्षितपणे कसे द्यावे, आणि आमच्याकडे बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी मोरचूद असतेच, त्याने उलटी होते असे जुने लोक म्हणतात, ते कितपत खरे आहे?

रात्रपाळी

मी एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. सर्वांत आधी मोरचुदाविषयी लिहितो, कारण ते आपल्या घरात खरोखरच आहे. मोरचुदाने उलटी होते हे खरे आहे, आणि एके काळी वैद्यकातही त्याचा तसा उपयोग होत असे. परंतु उलटी होते ती मोरचूद स्वतःच विष असल्यामुळे होते. सगळे मोरचूद उलटीवाटे बाहेर पडेल याची हमी नसते आणि जे आत राहते ते रक्तातील तांबड्या पेशी फोडते, तसेच मूत्रपिंड व यकृत यांना इजा करते. एका विषावर दुसरे विष पाजण्याचा हा प्रकार वैद्यकाने केव्हाच सोडून दिला आहे, तेव्हा कृपया तो विचार मनातून काढून टाकावा.

आता मूळ प्रश्न. ‘सुरक्षितपणे कसे द्यावे’ याचे प्रामाणिक उत्तर ‘घरी देऊच नये’ असे आहे. आपण मीठ-पाण्याला दोष देऊन औषध शोधायला निघालात, परंतु त्या मुलाला औषधाने उलटी झाली असती तरी रॉकेल त्याच वाटेने वर आले असते. रॉकेल, थिनर, पेट्रोल, टर्पेंटाइन हे पदार्थ पातळ असतात आणि पटकन पसरतात. पोटात असताना ते फारसे शोषले जात नाहीत, पण त्यांतले थोडेसे जरी श्वासनलिकेत गेले तरी फुप्फुसाला सूज येते. गिळताना ठसका लागूनही थोडे छातीत जाऊ शकते हे खरे, पण उलटी करवून आपण तीच संधी पुन्हा देतो.

संडास साफ करण्याचे आम्ल, तुंबलेल्या मोरीत टाकण्याची पावडर किंवा चुना यांची गोष्ट वेगळी, पण निष्कर्ष तोच आहे. खाली जाताना एकदा भाजलेली अन्ननलिका वर येताना दुसऱ्यांदा भाजते. तिसरा प्रकार झोप आणणाऱ्या किंवा झटके आणणाऱ्या विषांचा. उलटी करवायला घेतली तेव्हा माणूस शुद्धीवर असतो आणि प्रत्यक्ष उलटी येईपर्यंत त्याची गुंगी वाढलेली असते. गुंगीत गिळण्याचे आणि खोकण्याचे भान नसते, त्यामुळे उलटी छातीत उतरते.

मीठ-पाण्याबद्दल एक आकडा लक्षात ठेवावा. रक्तातील सोडियमची सर्वसाधारण पातळी लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असते. तीन वर्षांच्या मुलाच्या शरीरात एकूण पाणी आठ-नऊ लिटरच असते. उलटी झाली नाही आणि मोठा चमचाभर मीठ पूर्ण शोषले गेले, तर ही पातळी तीस अंकांहून अधिक वर जाऊ शकते. त्याने मेंदूतील पाणी ओढले जाते, झटके येतात, आणि केवळ मिठाने मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

सातासमुद्रापार

अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या पिढीतील पालकांना हा प्रश्न फार ओळखीचा आहे. नव्वदच्या दशकात माझी मुलगी रांगू लागली तेव्हा तिच्या डॉक्टरांनी घरात ‘सिरप ऑफ इपिकॅक’ची छोटी बाटली ठेवायला सांगितले होते. ती औषधांच्या कपाटात वरच्या फळीवर अनेक वर्षे होती आणि सुदैवाने तिचे बूच कधी उघडावे लागले नाही. ब्राझीलकडील एका झुडपाच्या मुळापासून ते औषध करीत. १९६५ पासून त्याच्या ३० मिलिलिटरच्या बाटल्या तेथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत असत.

मात्र २००३ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने आपला पूर्वीचा सल्ला मागे घेतला आणि घरात असलेली इपिकॅकची बाटली टाकून द्या, असे पालकांना सांगितले. पुढे त्याचे उत्पादनही बंद पडले. बाटली टाकताना मला उगाच अपराधी वाटले होते, जणू घराचे अग्निशामक यंत्रच फेकून देत आहे. निर्णयामागचे नेमके कारण डॉक्टरसाहेबांनी सांगितले तर बरे होईल.

रात्रपाळी

कारण अगदी साधे होते. इपिकॅकने उलटी हमखास होत असे, पण रुग्णाचे भले होत असल्याचे दिसत नव्हते. त्यातील इमेटीन आणि सेफिलीन ही द्रव्ये जठराच्या अस्तराला चेतवतात आणि मेंदूतील उलटीच्या केंद्रालाही. उलटी यायला साधारण वीस-तीस मिनिटे लागतात आणि तेवढ्यात विषाचा बराच भाग जठरातून पुढे सरकलेला असू शकतो. प्रयोगांत उलटीवाटे बाहेर आलेल्या द्रव्याचे प्रमाण कधी बरे, कधी अगदी नगण्य, असे बेभरवशाचे होते आणि प्रत्येक मिनिटागणिक ते घटत होते. अमेरिकेतील जी विष माहिती केंद्रे इपिकॅकचा सल्ला अधिक देत, त्यांच्याकडील मुलांना रुग्णालयात कमी जावे लागले किंवा ती अधिक चांगली बरी झाली, असेही आढळले नाही.

शिवाय तासभर आणि कधी त्याहून अधिक काळ चालणाऱ्या उलट्यांमुळे पुढचे खरे उपचार अडतात. सक्रिय कोळसा, म्हणजे अॅक्टिव्हेटेड चारकोल, पोटात टिकत नाही आणि तोंडाने द्यायचे उतारेही टिकत नाहीत. इमेटीन वारंवार पोटात गेल्यास हृदयाच्या स्नायूला इजा करते. एक जुनी चूक तर अंगावर काटा आणणारी आहे. सिरपऐवजी चुकून दिला गेलेला इपिकॅकचा द्रवअर्क सिरपच्या चौदापट तीव्र असे आणि त्याने मृत्यू ओढवलेले आहेत.

जुना पिंपळ

आपल्या ज्ञानाचा आदर ठेवून एक शंका मांडतो. १९७८ साली माझ्या वडिलांनी भाजी समजून कसलासा रानपाला खाल्ला होता आणि ते बरळू लागले होते. गावात डॉक्टर नव्हता आणि एस.टी. दिवसातून दोनदा येत असे. आजोबांनी त्यांना मीठ-पाणी पाजून उलटी करवली आणि वडील त्यानंतर चाळीस वर्षे जगले. आमच्या डोळ्यांसमोर घडलेले आम्ही खोटे मानावे काय?

रात्रपाळी

खोटे मुळीच मानू नये. उलटी झाली आणि वडील वाचले, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दुसरी गोष्ट पहिलीमुळे घडली का, एवढाच प्रश्न आहे. विषारी वनस्पती थोड्या प्रमाणात खाल्लेले बहुसंख्य लोक काहीही न करता बरे होतात. आपल्याकडे शाळेच्या आवारातील मोगली एरंडाच्या, म्हणजे चंद्रज्योतीच्या बिया मुले शेंगदाण्यासारख्या खातात आणि दहा-वीस मुले एकदम रुग्णालयात येतात. त्यांना उलट्या आपोआपच होत असतात, त्यात आणखी भर घालावी लागत नाही, सलाइन आणि देखरेख यांवर बहुतेक मुले एक-दोन दिवसांत घरी जातात. तीच मुले घरी मीठ-पाणी पिऊन बरी झाली असती तर श्रेय मिठाला गेले असते. आणि आपण स्वतःच लिहिले आहे की वडील बरळत होते. बरळणाऱ्या माणसाला उलटी करवणे हा त्या दिवशीचा सर्वांत मोठा धोका होता आणि तो टळला.

पांढरी टोपी

अठ्ठावीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले, त्यातील अर्धी अपघात विभागात. घरी उलटी करवून आणलेला रुग्ण दारातूनच ओळखू येतो. अंगावरचा सदरा छातीपर्यंत भिजलेला, ओठांच्या कडांना मिठाची पांढरी खर, टाळूवर नखांचे ओरखडे, आणि सोबत आलेल्या काकांच्या तर्जनीला बांधलेले फडके, कारण झटका आला तेव्हा रुग्णाचे दात त्या बोटावर मिटलेले असतात. कोणी साबणाचे पाणी पाजलेले असते, कोणी कोंबडीचे कच्चे अंडे. एकाने तर गोमूत्र आणि तुरटी दोन्ही दिली होती. मी विचारत असे, ‘किती वाजता घेतले?’ उत्तर मिळे, ‘दुपारी दोनला.’ घड्याळात साडेचार झालेले असत. गाव पंधरा किलोमीटरवर असे. मधले दोन तास बादली समोर ठेवून उलटी येण्याची वाट पाहण्यात गेलेले असत.

या दोन तासांमागे आणखी एक कारण असते आणि ते कोणी उघड बोलत नाही. ते म्हणजे पोलीस केसची भीती. घरच्या घरी निस्तरले तर बरे, असे कुटुंबाला वाटते. म्हणून स्पष्ट लिहिते. विषबाधेची नोंद पोलिसांकडे होते, परंतु त्या नोंदीसाठी उपचार थांबवता येत नाहीत. जीव वाचवणे हे पहिले कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे. कोणी स्वतःहून काही घेतले असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते. तिच्यावर ओरडू नये, तिला एकटे सोडू नये आणि लपवाछपवीत वेळ घालवू नये. ताण सहन होत नसलेल्या कोणालाही १४४१६ या टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

पोट धुण्याविषयीही लोकांचा गैरसमज असतो. नळी घालून पोट धुतले नाही तर नातेवाइकांना वाटते की उपचारच केले नाहीत. रॉकेल किंवा आम्ल घेतलेल्याचे पोट आम्ही सहसा धुत नाही. ज्याचे धुतो त्याचा श्वासमार्ग आधी सुरक्षित करून, डाव्या कुशीवर आणि डोके खाली ठेवून धुतो. तेसुद्धा लवकर आलेल्यांचेच.

काढा-चाटण

आयुर्वेदाचा विद्यार्थी म्हणून थोडे लिहितो, कारण अशा चर्चेत ‘आपल्याकडे वमन आहेच की’ असे कोणीतरी म्हणतेच. चरकाने विषावर चोवीस उपक्रम सांगितले आहेत आणि त्यांत वमन आहे, हे खरे आहे. परंतु आज पंचकर्मात जे वमन देतात त्याची तयारी काही दिवस आधी सुरू होते. ठरावीक दिवस तूप प्यायला देतात, मग शेक देतात, आदल्या दिवशी कफ वाढवणारे अन्न देतात, सकाळी दूध किंवा ज्येष्ठमधाचा काढा आकंठ पाजतात आणि मग मदनफळाचे चाटण देतात. कोकणात ज्याला गेळ म्हणतात तेच हे फळ. वैद्य शेजारी बसून उलटीचे वेग मोजतो, नाडी आणि रक्तदाब पाहतो. बालक, वृद्ध आणि गर्भिणी यांना वमन देऊ नये हे ग्रंथांतच लिहिले आहे. कीटकनाशक प्यालेल्या माणसाला गेळफळाची पूड चारणे याला वमन म्हणता येणार नाही.

बी-बियाणे

माझे कृषी सेवा केंद्र आहे आणि मला डॉक्टरसाहेबांना एक अडचणीचा प्रश्न विचारायचा आहे. आम्ही विकतो त्या कीटकनाशकांच्या डब्यांवर विषारीपणाचा चौकोन असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा अशा उतरत्या क्रमाने. डब्यासोबत घडी घातलेले माहितीपत्रक असते. त्यातल्या काही पत्रकांवर आजही असे छापलेले आहे की विष गिळल्यास घशात बोट घालून किंवा कोमट पाण्यात मीठ घालून उलटी करवावी आणि उलटी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवावे. शेतकऱ्याने डब्यावर विश्वास ठेवावा की धाग्यावर?

रात्रपाळी

हा या धाग्यावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. ते वाक्य जुन्या काळचे आहे आणि पत्रकांत पिढ्यान्‌पिढ्या तसेच उतरत आले आहे. त्या पत्रकाचा खरा उपयोग दुसऱ्या दोन ओळींसाठी आहे. रासायनिक घटकाचे नाव आणि उतारा. त्या दोन ओळी मला मिळाल्या तर माझा अर्धा तास वाचतो.

सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांचे उदाहरण घ्या. माणसाच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, घाम फुटतो, स्नायू फडफडतात, छाती स्रावाने भरते. उलट्या तर तो स्वतःच करीत असतो. त्याला हवे असते उताऱ्याचे औषध अॅट्रोपीन, प्राणवायू आणि वेळ पडल्यास कृत्रिम श्वास. यातले काहीही मिठाने मिळत नाही. शिवाय ही औषधे बहुधा रॉकेलसारख्याच द्रावकांत विरघळवलेली असतात, म्हणजे छातीत उतरण्याचा धोका येथेही आहेच.

पॅराक्वाट या तणनाशकाची कथा याहून बोलकी आहे. ते चुकून गिळले गेल्यास लगेच उलटी व्हावी म्हणून मूळ उत्पादकाने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यातच उलटी करवणारे द्रव्य मिसळायला सुरुवात केली. म्हणजे विषाच्या पहिल्या घोटाबरोबरच उलटीचे औषधही पोटात जाते, याहून लवकर ते कोणी देऊ शकणार नाही. तरीही पॅराक्वाटने माणसे दगावतच राहिली.

आणि २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले, त्यांच्या अंगात विष मुख्यतः त्वचेवाटे आणि श्वासावाटे गेले होते. तेथे उलटीचा काय उपयोग होणार? अशा वेळी कपडे उतरवून, स्वतः हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून, साबणाने अंग धुणे हा प्रथमोपचार असतो.

द्राक्षबाग (धागाकर्ता)

आपल्या सर्वांचे आभार. माझा प्रश्नच उलटा होता, हे मान्य करतो. आमच्या वस्तीपासून तालुक्याचे रुग्णालय पाऊण तासावर आहे. या पाऊण तासात आम्ही काय करावे आणि काय करू नये, हे कृपया सविस्तर सांगावे. नुसते ‘काही करू नका’ हे घरच्यांच्या गळी उतरत नाही, हात शिवशिवतात.

रात्रपाळी

हातांना काम देतो. एकाने १०८ ला फोन लावावा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. दुसऱ्याने दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राला १८०० ११६ ११७ या विनामूल्य क्रमांकावर फोन करून पदार्थाचे नाव, रुग्णाचे वय, वजन आणि घेतल्याची वेळ सांगावी. हे केंद्र चोवीस तास चालते. तिसऱ्याने बाटली, डबा किंवा वेष्टन शोधून पिशवीत घालावे. काहीच सापडत नसेल तर वनस्पतीची फांदी किंवा उरलेले द्रव्य घट्ट झाकणाच्या बरणीत घ्यावे. ‘उंदराचे औषध’ एवढ्यावर मला काहीच कळत नाही. रक्त पातळ करणारी वडी, झिंक फॉस्फाइडची काळी पूड आणि पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट या तिन्हींचे उपचार निरनिराळे आहेत. तिसऱ्या प्रकारात तर माणूस पहिल्या दिवसानंतर बरा वाटू लागतो आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होऊ लागते. म्हणून ‘आता बरे वाटते आहे’ म्हणून घरी थांबू नये.

रुग्ण शुद्धीत असेल तर त्याला चूळ भरायला लावून तोंडातील उरलेले थुंकू द्यावे. पेंगत असेल तर डाव्या कुशीवर वळवून डोके किंचित मागे आणि तोंड जमिनीकडे ठेवावे, म्हणजे आपोआप आलेली उलटी बाहेर पडेल. पाणी, दूध, तूप, लिंबूपाणी यांपैकी काहीही स्वतःच्या मनाने देऊ नये. पिवळा फॉस्फरस स्निग्ध पदार्थात विरघळतो, त्यामुळे दुधा-तुपाने तो अधिक शोषला जातो. झिंक फॉस्फाइडपासून आम्लामुळे विषारी वायू सुटतो, तेथे लिंबू पिळणे म्हणजे त्यालाच मदत करणे आहे. उलटी झालीच तर तिचा रंग आणि वेळ लक्षात ठेवावी. धान्यात ठेवायच्या गोळ्या पोटात गेल्या असतील तर गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात, कारण उलटीतून सुटणारा वायू सोबतच्या माणसांनाही बाधतो.

पूर्णतेसाठी एक अपवाद नोंदवतो. रुग्ण पूर्ण सावध आहे, विष अत्यंत घातक आहे, रुग्णालय तासाभराहून दूर आहे, दुसरा कोणताही उपाय नाही आणि विष माहिती केंद्राने स्वतः सांगितले आहे, अशा क्वचित प्रसंगी अमेरिकी तज्ज्ञांनी २००५ पर्यंत इपिकॅकला जागा ठेवली होती. आज ते औषधच बाजारात नाही, त्यामुळे तो अपवादही कागदावर उरला आहे.

सातासमुद्रापार

थोडे विषयांतर वाटेल, पण आमच्या कुत्र्याने एकदा भरपूर चॉकलेट खाल्ले तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन त्याला उलटी करवली होती. प्राण्यांना चालते ते माणसांना का चालत नाही?

गोठा

मी पशुवैद्यक आहे. ते इंजेक्शन बहुधा अपोमॉर्फिनचे असावे. माणसांतही ते पूर्वी वापरत, पण गुंगी आणि श्वास मंदावणे यांमुळे ते मागे पडले. कुत्र्यांत आम्ही वापरतो, तरी रॉकेल, आम्ल किंवा झटके आणणारे विष घेतलेल्या कुत्र्याला आम्हीही उलटी करवत नाही. आणि गाय-म्हैस मुळात माणसासारखी उलटी करीत नाही, तेव्हा तिला मीठ-पाण्याच्या बाटल्या ओतणाऱ्यांनी ते थांबवावे, ठसका लागून तेच पाणी तिच्या फुप्फुसात जाते.

द्राक्षबाग (धागाकर्ता)

दोन्ही क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिले आहेत. रॉकेलची बाटली आता शेजाऱ्यांकडेही कुलपात असते. आजी मात्र विचारीत आहेत की मुलाने त्या दिवशी ‘पाणी, पाणी’ म्हटले असते तर दोन घोट तरी द्यायचे होते की नाही.

पांढरी टोपी

आजींना सांगावे की फोनवर विचारून मगच द्यावे. तोवर ओल्या फडक्याने ओठ पुसावेत. आम्हीही रुग्णालयात तेच करतो.